कवडूजींचा उरलेला चार्ज

कवडूजी थूल कोतवालीतून निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी ज्या वस्तूंचा चार्ज दिला, त्यांची यादी त्यांच्या ट्रंकेत अजून जपून ठेवलेली आहे. पितळी बिल्ला एक. डफ एक (कातडे सैल). टॉर्च एक (लागत नाही). छत्री एक (फक्त दांडा). तलाठी कार्यालयाच्या कपाटाची दुसरी चावी एक. कंसांतले शेरे त्यांचे स्वतःचे. नव्या कोतवालाने सही केली, तलाठ्याने तिच्याखाली आपली सही केली, पेढे वाटून झाले, आणि मंडळी उठणार तेवढ्यात कवडूजींनी सदऱ्याच्या खिशातून आणखी एक चावी काढून टेबलावर ठेवली. वीतभर लांब, लोखंडी, आणि इतकी जड की टेबलावरचे कागद वाऱ्याने उडायचे थांबले.

तलाठी वयाने लहान होते. त्यांनी विचारले, ही कशाची.

"गिरजाची," कवडूजी म्हणाले.

तलाठ्यांनी तीन रजिस्टरे पाहिली. मोहवाही गावच्या कागदोपत्री गिरजाघर नावाची वास्तू नव्हती. जिथे ती उभी होती तो तुकडा सातबाऱ्यावर 'पडीत' होता, आणि पडीत जमिनीला कुलूप नसते. यादीत नाही ते चार्जमध्ये घेता येत नाही, असे त्यांनी अत्यंत नम्रपणे सांगितले. हा नियम त्यांना रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात शिकवला होता तो कवडूजींनीच. त्यामुळे वाद घालण्याची सोय राहिली नव्हती. त्यांनी चावी उचलली, पुन्हा खिशात टाकली, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीतून ते बाहेर पडले ते अशा रीतीने: सगळ्याचा चार्ज दिलेला, एकाचा उरलेला.

मोहवाही हे जाम चौरस्त्यापासून अकरा किलोमीटर आत आहे. गावाच्या पश्चिमेला, फाट्यावरच्या चहाच्या टपरीपासून हाकेच्या अंतरावर, चिंचेखाली ते गिरजाघर उभे आहे: विटांचे, एका खोलीचे, दोन कमानदार खिडक्यांचे. शेजारी मिशनच्या दवाखान्याचा नुसता चौथरा उरला आहे. गिरजाघर कोणी बांधले याविषयी गावात तीन कथा आहेत. एका कथेप्रमाणे ते एका साहेबाने आपल्या मेलेल्या मडमेसाठी बांधले, दुसरीप्रमाणे आपल्या घोड्यासाठी. तिसरी कथा सांगणाऱ्यांचे म्हणणे असे की साहेब, मडम आणि घोडा तिघेही तिथेच पुरलेले आहेत. पुरावा तिन्हींना सारखाच आहे, म्हणजे मुळीच नाही. दाराच्या वर एक दगड आहे आणि त्यावर साल कोरलेले आहे. त्यातले एक, आठ आणि नऊ हे आकडे शाबूत आहेत. चौथ्या आकड्याच्या जागी टवका उडालेला आहे. कवडूजींना कोणी विचारले की ते तीनच आकडे सांगत आणि थांबत.

चावीचा इतिहास मात्र पक्का होता, कारण त्याला कागद होता. १९७४ साली दवाखाना बंद झाला आणि शेवटच्या नर्स शकुंतलाबाई नागपूरला निघाल्या. प्रार्थनेला येणारी चार घरे त्यांच्याआधीच गेली होती. बैलगाडी उभी असताना बाईंनी वहीचे पान फाडले आणि लिहिले: 'गिरजाघराची चावी कोतवाल यांचेकडे दिली. मागणी होईपर्यंत जपावी.' तेव्हाचे कोतवाल म्हणजे कवडूजींचे वडील. छप्पन साली चालत नागपूर गाठून धम्म घेतलेला तो माणूस. तेव्हापासून आपण फक्त लिहिलेलेच मानतो, असे तो अभिमानाने सांगे. मागणी झाली नाही. ८६ साली वडील वारले. कोतवाली कवडूजींकडे आली आणि तिच्याबरोबर चावीही आली.

आता खरे सांगायचे तर त्या चावीने ते दार ९४ च्या पावसाळ्यापासून उघडत नाही. कुलूप आतून गंजले आहे आणि खिट्टी चौकटीत बसतच नाही. डाव्या बाजूने खांदा लावला की दार उघडते, हे गावातल्या बकऱ्यांनाही माहीत आहे. पण खांद्याची पावती होत नाही. बाईंनी दिली होती ती चावी, आणि परत द्यायची होती तीही चावीच. कवडूजींना उरलेल्या आयुष्यात एवढेच हवे होते: कोणीतरी अधिकाराने यावे, चावी मागावी, आणि मिळाली म्हणून लिहून द्यावे.

त्यांच्या पत्नी जिजाबाई यांना हा आग्रह समजत नसे. "मले माह्या बापानं तुमच्या घरी धाडलं तं पावती नोती मागतली," त्या म्हणत. "तरी राह्यली ना मी?"

निवृत्तीनंतर कवडूजी रोज सकाळी गिरजाघराला एक फेरी घालत. २०२२ च्या जानेवारीत अशाच एका फेरीत त्यांना दिसले की दाराजवळच्या खांबातली एक सुटी वीट उलटी बसवलेली आहे. ती वीट कशी बसते हे त्यांना तोंडपाठ होते. वीट काढली तर मागे घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा. डब्यात एक लहान वही, एक पेन्सिल, आणि काही किरकोळ वस्तू. वहीच्या पहिल्या पानावर इंग्रजीत आणि खाली मराठीत सूचना होती: ज्याला हा डबा सापडेल त्याने वहीत नाव व तारीख लिहावी. डब्यातली वस्तू घेतल्यास तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी. डबा होता तसा परत ठेवावा.

कवडूजी चिंचेखाली बसले आणि त्यांनी ते पान दोनदा वाचले. चौतीस वर्षे त्यांनी सरकारी कार्यालयांची भेट-रजिस्टरे पाहिली होती. येणाऱ्याने नाव आणि तारीख लिहायची वही म्हणजे भेट-रजिस्टर. भेट-रजिस्टर असते तिथे तपासणी असते, तपासणी असते तिथे खाते असते, आणि खाते असेल तर आज ना उद्या चावी मागणारा माणूसही येईल. या तर्कात कुठेही चूक नव्हती. फक्त पहिलीच पायरी हवेत होती, आणि ते त्यांना कळण्याचा काही मार्ग नव्हता. कारण जिओकॅशिंग नावाचा खेळ जगभर खेळला जातो, कोणीतरी असा डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो आणि बाकीचे मोबाइल हातात धरून तो शोधत फिरतात, ही बातमी मोहवाहीपर्यंत आलेली नव्हती.

खात्याची वस्तू उघडली म्हणजे पंचनामा आला. कवडूजींनी दोन पंच बोलावले: चिंचेखाली बकऱ्या चारणारे चिंधू आणि टपरीवाल्या मनकर्णाबाई. वहीच्या दुसऱ्या पानावर त्यांनी वळणदार अक्षरात सुरुवात केली की आम्ही खाली सही करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो ते असे. चावी अडकवायचे कडे एक. परदेशी नाणे एक. शर्टाचे बटन एक. हिरवी प्लास्टिकची घोरपड एक.

इथे अडचण आली. चिंधूंनी आयुष्यभर घोरपडी पाहिल्या होत्या. ते प्राणी उलटसुलट करून पाहत राहिले आणि म्हणाले की असे दात घोरपडीला नसतात, आणि ती दोन पायांवर उभी तर मुळीच राहत नाही. मनकर्णाबाईंचे म्हणणे पडले की मग सरडा लिहा आणि मला सोडा, दूध उतू जाईल. कवडूजींनी विचार करून लिहिले: 'पंच क्र. १ यांचे मते घोरपड नाही. काय आहे ते सांगता येत नाही.' शेवटी, कोणी सांगितले नसताना, त्यांनी एक ओळ आपल्याकडून जोडली: 'इमारत पाहिली. चार भिंती उभ्या. छप्पर जागेवर.' दोन्ही पंचांच्या सह्या झाल्या आणि डबा विटेमागे गेला.

पहिले शोधणारे आले ते दोन आठवड्यांनी, नागपूरहून, एका मोटरसायकलवर दोघे. मोबाइल पुढे धरून ते गिरजाघराभोवती फिरत राहिले. कवडूजी चिंचेखालून पाहत होते. चौथ्या मिनिटाला त्यांना डबा मिळाला आणि त्यांनी पेन्सिल उचलली, तेव्हा कवडूजी पुढे झाले आणि म्हणाले की पंचांशिवाय नोंद धरली जाणार नाही. आम्हाला ही जागा उपग्रहाने दाखवली, असे त्यातल्या एकाने सांगितले. उपग्रहाची सही आणली आहे का, असे कवडूजींनी विचारले. चिंधू बकऱ्या घेऊन नाल्यापलीकडे गेले होते. दोघे पोरगे तीन तास थांबले, मनकर्णाबाईंकडे सहा चहा प्याले, वडिलांचे नाव आणि वय सांगून रीतसर नोंदले गेले, आणि रात्री घरी जाऊन त्यांनी इंटरनेटवर शेरा टाकला: 'शोधायला चार मिनिटे, नोंदवायला तीन तास. बकऱ्या परत येईपर्यंत थांबावे.'

या शेऱ्याने लोक बिचकतील असे कोणाही शहाण्याला वाटले असते. झाले उलटेच. डबे तर सगळीकडेच सापडतात, पण पंचनामा होतो तो एका मोहवाहीत. हिंगणघाटहून लोक आले, अमरावतीहून आले, पुण्याहून सुट्टीवर आलेले आले. सेवाग्रामचा आश्रम पाहायला आलेले एक जर्मन जोडपे वाकडी वाट करून आले. त्यांनी डब्यात लहानशी गाईची घंटा ठेवली आणि हिरवा प्राणी नेला, आणि घोरपडीचा वाद त्यांच्याबरोबर जर्मनीला गेला. तितक्याच मोलाची वस्तू, या अटीवर पंच प्रत्येक वेळी बसून चर्चा करत. बटनाच्या बदल्यात पेनाचे टोपण चालेल का, या प्रश्नावर एकदा एस. टी. चुकली.

चिंधू नसले की टपरीवर जो कोणी चहा पीत असेल तो पंच. तिथे सर्वांत जास्त वेळ चहा पिणारे गृहस्थ म्हणजे सरपंच रूपराव. कवडूजी वही पुढे करत, रूपराव बोलता बोलता सही करत आणि बोलणे पुढे चालू ठेवत.

अकरा महिन्यांनी, डिसेंबरात, एक मुलगी स्कूटीवर आली. तिने मोबाइल काढला नाही, इकडेतिकडे पाहिले नाही. सरळ खांबाकडे गेली आणि वीट काढली. ठेवणाऱ्याला शोधावे लागत नाही, म्हणजे डबा ठेवणारी हीच, हे कवडूजींनी ताडले. ते घरी गेले, धुतलेला पांढरा सदरा घातला, शकुंतलाबाईंचे पान, चावी आणि वर्षभरापूर्वी लिहून ठेवलेली पावती घेतली, आणि परत येऊन तिच्यासमोर उभे राहिले.

मुलीचे नाव सुरभी. मूळची अल्लीपूरची, नागपुरात एका कंपनीत नकाशे काढण्याची नोकरी. ती खरे तर भांडायला आली होती. लपवलेला डबा अख्ख्या गावाला माहीत, वहीत पेन्सिलीऐवजी बॉलपेन आणि पानोपानी 'समक्ष हजर राहून'. हे काय चालले आहे हे तिला विचारायचे होते. पण समोरचा म्हातारा माणूस दोन्ही हातांवर चावी ठेवून उभा होता आणि पावती वाचून दाखवत होता: गिरजाघराची चावी, जी १९७४ सालापासून ताब्यात होती, ती आज रोजी खात्याकडे देण्यात येत आहे.

"काकाजी," ती शेवटी म्हणाली, "माझं काही खातं नाही. हा खेळ आहे."

कवडूजींनी विचारले की एवढ्या लांबून लोक येतात, नाव लिहितात आणि जातात, ते कोणाला कळवायचे म्हणून लिहितात. सुरभीने सांगितले की कोणालाच नाही, आपण येऊन गेलो एवढेच. त्यांनी पावतीची घडी केली. आधीच्याच घडीवर केली, म्हणजे ती आणखी एकदा उघडता येईल.

सुरभीने विषय बदलला आणि इंटरनेटवर गिरजाघराची माहिती आपणच लिहिली आहे असे सांगितले. हे तिने करायला नको होते. कवडूजींनी ती वाचायला लावली. १८५७ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने साप चावून मेलेल्या पत्नीच्या स्मरणार्थ बांधले; अमावास्येला घंटा ऐकू येते. कवडूजींचा चेहरा जरा तजेलदार झाला. दुःख बाजूला ठेवून करता येईल असे काम त्यांना मिळाले होते.

"सत्तावन कोणं सांगतलं?"

"मावशीनं."

"मावशी होती तिथं?"

"नाही, काकाजी."

त्यांनी तिला दारासमोर नेले आणि दगड दाखवला. एक, आठ, नऊ. सुरभीने वर पाहत विचारले की शेवटचा आकडा कोणता असेल.

"तो पडला तवा मी नोतो," कवडूजी म्हणाले. "अन् घंटा तं नाईच आहे. कडी आहे फक्त. कडी कशी वाजन?"

"मग लिहू काय?"

"जेवढं दिसते तेवढं लिवजो."

तिने त्याच संध्याकाळी माहिती बदलली. मडम गेली, साप गेला, अमावास्या गेली. उरल्या चार ओळी आणि एक सूचना, की पंचांसाठी वेळ राखून यावे. येणाऱ्यांची संख्या त्यानंतर वाढली, याचे तिला आश्चर्य वाटले. कवडूजींना वाटले नाही. वही संपली की ती नवी पाठवू लागली. खेळ आहे हे कळूनही त्यांनी पंचनामे थांबवले नाहीत. जिजाबाईंनी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले की खाते नाही म्हणून वही अर्धी टाकता येत नाही.

२०२४ च्या ऑगस्टात तीन दिवस सतत पाऊस लागला आणि दक्षिणेकडच्या खिडकीची कमान ढासळली. कवडूजींनी वहीत लिहिले: 'कमानीच्या विटा पडल्या, सतरा.' हे लिहिताना त्यांचा हात अडला, पण पडल्या होत्या त्या सतराच. मग त्यांनी कोतवालाने करायचे ते केले. पडलेला माल म्हणजे मुद्देमाल. त्यांनी विटा एकेक करून उचलल्या, प्रत्येकीवर चुन्याने आकडा घातला, कुठली वीट कमानीत कुठे होती त्याची आकृती काढली, आणि पावसात उघड्यावर नको म्हणून सगळ्या घरी नेऊन खाटेखाली रचल्या. जिजाबाईंनी पाहिले आणि विचारले की गिरजा असा थोडाथोडा घरात येणार असेल तर आपण राहायला तिकडे जायचे काय.

सप्टेंबरात सरपंचांनी जाहीर केले की मोहवाहीत सेल्फी पॉइंट होणार. दुसऱ्या गावांत झाला होता. रस्त्याच्या कडेला माणसाच्या उंचीची अक्षरे, 'आय लव्ह' आणि गावाचे नाव, मध्ये लाल बदाम. अक्षरे तर येऊनही पडली होती. ती रूपरावांच्या गोठ्यात होती आणि बदामात एका कोंबडीने अंडी घातली होती. जागा एकच सोयीची होती, फाट्याजवळची, पडीत. तिथले जुने बांधकाम धोकादायक आहे, वापरात नाही, कागदावर नाही, तेव्हा पाडायचे, असा ठराव दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत येणार होता.

कवडूजी त्या आठवड्यात नीट जेवले नाहीत. इमारत कोणाची हा प्रश्नच नव्हता. त्यांची नव्हती हे त्यांनाही माहीत होते. पण मागणी होईपर्यंत जपावी, असे लिहिलेले होते. दारच गेले तर चावी कसली परत देणार, आणि घेणारा ती घेऊन काय करणार. वडिलांनी घेतलेला ताबा मुलाच्या हातून लोखंडाच्या तुकड्यावर येऊन संपणार होता.

"गिरजा ख्रिस्ताचा, चावी बौद्धाची, पंच हिंदू," जिजाबाई भाकरी वाढत म्हणाल्या. "एवढ्या लोकाइले भारी पडन का रूपराव? जेवा."

ग्रामसभेला तालुक्याहून बांधकामाचे अभियंता प्रभाकरराव आले होते. बोलण्यापेक्षा डुलकी बरी, असे मानणारे सावकाश गृहस्थ. रूपरावांनी ठराव मांडला आणि सांगितले की तिथे पन्नास वर्षांत काळे कुत्रे फिरकले नाही. कवडूजी उठले, तीन वह्या घेऊन पुढे गेले आणि त्या अभियंत्यांसमोर ठेवल्या. पावणेतीन वर्षांत एकशे चार माणसे, नावगाव, वय आणि वडिलांच्या नावासह. काळे कुत्रे एकदा आले होते, तेही एका अमरावतीकराबरोबर म्हणून नोंदले होते. प्रभाकरराव चष्मा लावून वाचू लागले आणि त्यांची डुलकी उडाली.

रूपराव चाळीस वर्षे राजकारणात होते. ते शांतपणे म्हणाले, "कवडूभाऊ, ऑगस्टाचं पान वाचा जरा. मोठ्यानं."

वही कवडूजींच्या हातात होती आणि त्यांना मधले पान सोडून वाचता आले असते. त्यांनी ते पान काढले आणि वाचले. कमानीच्या विटा पडल्या, सतरा.

"झालं," रूपराव म्हणाले. "त्याइनंच लिवलं. धोकादायक."

कवडूजी खाली बसले. प्रभाकररावांनी वही आपल्याकडे ओढली आणि संथपणे पाने उलटत राहिले. मग त्यांनी एका सहीवर बोट ठेवले, दुसऱ्या पानावर तसेच ठेवले, आणि विचारले की पंच क्रमांक दोन, रूपराव, हे कोण.

मोजल्या तर त्या नऊ सह्या होत्या. नऊही ठिकाणी वर लिहिलेले होते की इमारत समक्ष पाहिली, चार भिंती उभ्या, छप्पर जागेवर. शेवटची सही पाऊस उघडल्यानंतरची, सप्टेंबरातली होती. तिच्यावर एवढेच जास्त होते की कमानीखेरीज काही ढळलेले नाही.

"पंच वाचत नाई जी," रूपराव म्हणाले. "पंच सही करते."

बायकांच्या बाजूने हसू फुटले आणि ते पुरुषांच्या बाजूला पोहोचायला वेळ लागला नाही. प्रभाकरराव मात्र हसले नाहीत. त्यांनी कवडूजींना विचारले, "त्या सतरा विटा कुठे आहेत?"

"ताब्यात आहे, साहेब."

"कोणाच्या ताब्यात?"

"माह्या खाटेखाली," जिजाबाईंनी मागून उत्तर दिले.

सभा उठून थूलांच्या घरी गेली. प्रभाकरराव खाटेशेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी विटा बाहेर काढून घेतल्या. एक ते सतरा, एकही कमी नाही, आणि सोबत आकृती. त्यांनी नोकरीत अनेक पडझडी पाहिल्या होत्या, पूल पाहिले होते, शाळांच्या भिंती पाहिल्या होत्या. पंचनाम्याला पोहोचेपर्यंत निम्म्या विटा कोणाच्या तरी न्हाणीघराला लागलेल्या असत. पडलेली कमान कोणी क्रमाने सांभाळून ठेवली आहे, असे त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आले होते. नंतर ते गिरजाघरात गेले. कवडूजींनी सांगितले तशी डाव्या बाजूने खांदा देऊन दार उघडले, भिंतींवर हात फिरवला, आणि अहवालात लिहिले: दुरुस्तीयोग्य.

आत गेले म्हणजे भेट झाली, म्हणून त्यांचीही नोंद झाली. पंच क्रमांक एक चिंधू. पंच क्रमांक दोन रूपराव. त्यांनी या वेळी पंचनामा पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत ओठ हलवत वाचला, एकदा मागे जाऊन पुन्हा वाचला, आणि मगच पेन मागितले.

गवंड्याने दिवाळीआधी कमान बसवली. नऊ क्रमांकाची वीट उलटी लागली आहे. तसे वहीत आहे. अक्षरे गिरजाघरासमोरच, रस्त्याच्या कडेला लागली, कारण दुसरी जागा शेवटी मिळालीच नाही. आता मोहवाहीवर प्रेम असल्याचा फोटो काढायचा तर मागे गिरजाघर येतेच. रूपराव पाहुण्यांना ते बोट दाखवून सांगतात, आणि साल विचारले तर तीन आकडे सांगून थांबतात.

डिसेंबरात ग्रामपंचायतीच्या मालमत्ता रजिस्टरला नोंद झाली: गिरजाघर, जुने, एक. आणि त्यानंतरच्या सोमवारी ग्रामसेवक स्वतः थूलांच्या घरी आले. त्यांनी चावी मागितली. कवडूजींनी धुतलेला सदरा घातला होता. ग्रामसेवकांनी पावती पुढे ठेवली, शिक्क्याची, सहीची: 'लोखंडी चावी एक, चालू स्थितीत, मिळाली.' सुरभीही त्या दिवशी मुद्दाम आली होती. जिजाबाईंनी चहा टाकला.

कवडूजींनी पावती हातात धरली. अडतीस वर्षांत इतक्या वेळा मनात लिहिलेला कागद खरोखर केवढा असतो ते पाहिले. मग म्हणाले, "चालू नाई आहे, साहेब."

ग्रामसेवक म्हणाले, बरे, बंद स्थितीत लिहितो. आणि लिहिता लिहिता थांबले. बंद वस्तू साठ्यात घेता येत नव्हती. आधी दुरुस्त करा नाही तर मोडीत काढा, असा नियम होता. तो त्यांना माहीत होता, कवडूजींना त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होता. मोडीत काढायला कोणीच तयार नव्हते.

"कुलुपात तेल सोडून पाहू," कवडूजी म्हणाले. "चालू झाली का देतो. तवरोक राहू द्या माह्याजवळ."

त्यांनी चावी पुन्हा खिशात टाकली. ती टाकताना हात किती सराईतपणे गेला, हे सुरभीने पाहिले आणि जिजाबाईंनीही पाहिले. चहा थंड होतो, असे जिजाबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात सुरभीने नागपूरहून गंजलेल्या कुलुपासाठीच्या तेलाचा फवारा पाठवला. जामच्या एका मिस्त्रीने निरोप दिला की दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवा, फिरेल. फवारा ट्रंकेत आहे, चार्जच्या यादीच्या वर. डबा शोधायला येणारे हल्ली कवडूजींना हमखास विचारतात, कुलूप उघडले का. मनाजोगते तेल अजून मिळाले नाही, असे ते सांगतात. सांगतात एवढेच, वहीत तसे कुठेही लिहिलेले नाही.